आकडा एकच, अर्थ चार

आता एक साधा प्रश्न घेऊ. बोर्डावरच्या एका इवल्याशा भागावर १०० असं छापलंय. त्याची किंमत किती? बरेच जण पटकन म्हणतील, शंभर ओहम. पण नुसता आकडा बघून हे सांगताच येत नाही. तो कशाच्या अंगावर छापलाय, ते आधी बघावं लागतं.

समजा, तो काळा चपटा रेझिस्टर आहे. तीन आकडी खुणेत पहिले दोन आकडे तसेच घ्यायचे आणि तिसरा आकडा सांगेल तितकी शून्यं पुढे जोडायची. म्हणजे १०३ हे झाले १०,००० ओहम. आणि १००? दहाच्या पुढे एकही शून्य नाही, म्हणून फक्त १० ओहम!

हेच १०० बारक्या कॉइलवर असेल, तर १० मायक्रोहेन्री. सिरॅमिक कपॅसिटरवर असेल, तर १० पिकोफॅरड. आणि ॲल्युमिनियमच्या गोल डबीवर असेल, तर सहसा सरळ १०० मायक्रोफॅरड. शेवटच्या दोघांत एक कोटी पटींचा फरक आहे बरं का!

पट्टीचंही असंच. डायोडवरची पट्टी कॅथोड दाखवते. ॲल्युमिनियमच्या डबीवरचा काळा भाग ऋण बाजू दाखवतो. पण चौकोनी टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजूची असते. डबीची सवय इथे लावली, तर टँटलम उलटा बसतो, आणि उलटा बसलेला टँटलम पेटूही शकतो.

तीन पायांच्या भागांवर तर किंमत नसतेच, असतो तो सांकेतिक शब्द. तिथलं ७०२ म्हणजे सात किलो-ओहम नव्हे; बहुधा तो २एन७००२ हा मॉसफेट असतो. बहुधा म्हणतोय, कारण एकच संकेत दोन कंपन्या वेगवेगळ्या भागांसाठी वापरतात.

मग करायचं काय? क्रम ठरवून घ्या. आधी बोर्डावर शेजारी छापलेलं अक्षर वाचा: आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, एल कॉइल, डी डायोड, क्यू ट्रान्झिस्टर. मग आकार आणि पाय बघा. आकडा त्यानंतर. शेवटी वीज बंद करून, भाग सुटा करून मीटरवर तपासा. बोर्डावरच मोजला, तर आजूबाजूचे भागही मोजणीत येतात.

छापलेली खूण हा पुरावा आहे, निकाल नव्हे.