यंत्रांचा गोंगाट आणि कानांचें रक्षण

ट्रॅक्टर, मळणीयंत्र, डिझेलचे पंप व पिठाच्या गिरण्या ह्यांमुळें पुष्कळ कष्ट वांचले, हें निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या आवाजानें कानांस जी इजा होते, तिच्याकडे शेतकरी बंधूंचें लक्ष जावें तितकें जात नाहीं. ही इजा दिसत नाहीं व बहुधा दुखतही नाहीं. म्हणून तिचा येथें थोडा विचार करूं.

अंतःकर्णांत शंखाकृति नलिका असून तींत सुमारें १५,००० सूक्ष्म केसाळ पेशी असतात. ध्वनीनें त्यांचे केस हालतात व ती संवेदना मज्जातंतूंवाटे मेंदूस पोंचते. तीव्र आवाज दीर्घकाळ झाल्यास ह्या पेशी मरतात. कोंबडीच्या पिलांत त्या पुनः उत्पन्न होतात, असें १९८८ मध्यें दिसून आलें. मनुष्यांत मात्र गेलेली पेशी परत येत नाहीं. प्रथम उंच पट्टीचे स्वर जातात. मग बोलणें ऐकूं येतें, पण शब्द उमगत नाहींत.

एकाच यंत्रावरील दोघांपैकीं एकास लवकर बहिरेपण येतें व दुसरा शाबूत राहतो, असें कां व्हावें? तांबेऱ्यास गव्हाचा एक वाण बळी पडतो व दुसरा टिकतो, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. प्रयोगशाळेंतील काळ्या उंदरांच्या एका वंशास आवाजाची इजा लवकर होते. पेशींचे केस परस्परांस जोडणाऱ्या प्रथिनाच्या जनुकांत त्यांच्या ठायीं दोष आहे, हें २००३ मध्यें कळलें. स्वीडन व पोलंडमधील कामगारांच्या तपासणींतही, पेशींतील विषारी द्रव्य नष्ट करणाऱ्या कॅटलेजच्या जनुकाचा असा संबंध २००७ मध्यें आढळला.

परंतु मनुष्यांत अशीं जनुकें अनेक असून एकेकाचा परिणाम अल्प असतो. अमक्याचा कान टिकेल, असें आधीं सांगणारी भरंवशाची परीक्षा नाहीं. बियाणें निवडून पेरतां येतें; माणसें तशीं निवडतां येत नाहींत. म्हणून रक्षण सर्वांचेंच केलें पाहिजे.

अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबल आवाजांत दिवसास ८ तासांहून अधिक राहूं नये. दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी होते. ९४ डेसिबलला ती १ तासच उरते. दोन हातांवरील माणसाशीं ओरडून बोलावें लागल्यास आवाज धोक्याचा समजावा.

उपाय सोपे आहेत. फुटलेला सायलेन्सर व खिळखिळे पत्रे तत्काळ दुरुस्त करावे. मळणीवर माणसें पाळीपाळीनें बदलावीं. कापसाच्या बोळ्यावर विसंबूं नये. त्यानें फारसा आवाज अडत नाहीं. फेसाळ रबरासारखें मऊ कर्णबूच हात धुऊन बारीक वळावें, कान वर व मागें ओढून आंत घालावें आणि फुगेपर्यंत धरून ठेवावें. संध्याकाळीं कानांत गुंजारव होत असल्यास ती सूचना समजून तपासणी करवावी.

बैलांस व यंत्रांस जपणाऱ्या शेतकऱ्यानें स्वतःच्या व मजुरांच्या कानांसही तितकेंच जपावें, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.