सही-शिक्क्याची नक्कल: अमेरिकेतल्या घटस्फोटाच्या कागदाविषयीचे गैरसमज

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात घटस्फोट घेऊन नाशिकला परतली. काही वर्षांनी दुसरं लग्न नोंदवायला गेली, तेव्हा पहिल्या घटस्फोटाची डिक्री दाखवा असं सांगण्यात आलं. तिच्याकडे वकिलानं ईमेलनं पाठवलेली पीडीएफ होती. ‘ही चालणार नाही, कोर्टाची नक्कल आणा.’ ती नक्कल हातात यायला पाच महिने लागले आणि त्यातले निदान तीन महिने आम्ही चुकीच्या दारांवर घालवले. चूक आमचीच होती. आम्ही ज्या समजुतींवर विसंबलो, त्याच समजुती अमेरिकेतल्या मराठी घरांत मी आजही ऐकतो, म्हणून हे लिहितो आहे.

गैरसमज: अमेरिकेत सगळं एका ठिकाणी नोंदलेलं असतं.

नसतं. घटस्फोट हा तिथे राज्यांच्या कायद्याचा विषय आहे. देशभरच्या घटस्फोटांचं एकच दप्तर वॉशिंग्टनमध्ये कुठेही नाही. फेडरल कोर्टांचे खटले शोधायची ‘पेसर’ नावाची यंत्रणा आहे, पण तीही इथे उपयोगी पडत नाही, कारण घटस्फोटाचे दावे त्या कोर्टांत चालत नाहीत. दावा ज्या काउंटीत दाखल झाला, तिथल्या कोर्टाच्या क्लार्ककडे मूळ फाइल राहते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. कॅलिफोर्नियात अशा ५८ आहेत, टेक्सासमध्ये २५४.

लग्न कुठे लागलं याचा या शोधाशी संबंध नाही. लग्न पुण्यात झालेलं असलं आणि दाखला पुणे महापालिकेचा असला, तरी दाव्याच्या वेळी नवरा-बायको कुठे राहत होते ते महत्त्वाचं. कॅलिफोर्नियाचा नियम असा की दाखल करण्यापूर्वी दोघांपैकी एकजण तरी राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेला हवा. सनीव्हेल आणि कुपर्टिनो सांता क्लारा काउंटीत येतात, पण जवळच असलेलं फ्रीमाँट अलामीडा काउंटीत. आयटीतली माणसं दोन वर्षांत तीन घरं बदलतात, त्यामुळे ‘बे एरियात झाला’ एवढ्या आठवणीवर काम भागत नाही. जुना भाडेकरार काढावा, त्यावरचा पत्ता पाहावा आणि मग काउंटी ठरवावी.

गैरसमज: कोर्टाचं नाव वाचलं की खिडकी कळते.

इथे आपल्याकडची सवय घात करते. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट ‘सुप्रीम कोर्टा’त होतो. हे ऐकून घरच्यांना धडकी भरते, की प्रकरण एवढं वर गेलं? पण तिथलं सुप्रीम कोर्ट हे खालचं, दावा चालवणारं कोर्ट आहे. राज्याचं सर्वोच्च न्यायालय ‘कोर्ट ऑफ अपील्स’ या नावानं ओळखलं जातं. त्या सुप्रीम कोर्टाच्या फाइली काउंटी क्लार्क सांभाळतो. टेक्सासमध्ये मात्र काउंटी क्लार्क लग्नाचे परवाने देतो आणि घटस्फोटाची डिक्री डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे मिळते. न्यू जर्सीत एडिसनवाल्यांचा दावा मिडलसेक्स काउंटीत चालतो, पण प्रमाणित नकलेचा अर्ज ट्रेंटनमधल्या सुपीरियर कोर्टाच्या अभिलेख केंद्राकडे करता येतो. म्हणून राज्य कळल्यावर पहिला प्रश्न एकच: या राज्यात डिक्री कोणाच्या ताब्यात असते?

गैरसमज: नाव दिलं की फाइल सापडते.

दाव्याचा नंबर हातात असेल तर सापडते. नसेल तर क्लार्क सूचीत आडनावानं शोधतो, आणि मराठी नावं तिथे हमखास घोटाळा करतात. आपलं मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. कोणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापलं जातं, आणि तीच अक्षरं पुढे बँकेत आणि कोर्टातही चिकटतात. लग्नानंतर बाईनं आडनाव बदललं की नाही, बदललं तर पासपोर्टवर बदललं की नुसतं बोलण्यात, हेही पाहावं लागतं. ‘देशपांडे’ किंवा ‘क्षीरसागर’ रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिता येईल ते आठवा. आमच्या बहिणीची फाइल तिच्या माहेरच्या किंवा सासरच्या आडनावाखाली सापडलीच नाही. दावा नवऱ्यानं दाखल केला होता आणि त्याच्या आडनावात एक अक्षर जास्त होतं. अर्ज लिहिताना दोघांची नावं, सगळी संभाव्य स्पेलिंग्ज, दावा कोणी दाखल केला आणि अंदाजे वर्ष एवढं द्यावं. अमुक एकच वर्ष न लिहिता तीन वर्षांचा पट्टा दिलेला बरा.

गैरसमज: घटस्फोटाचं सर्टिफिकेट म्हणजेच डिक्री.

आमचे सर्वांत जास्त दिवस याच समजुतीनं खाल्ले. बहुतेक राज्यांत जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणारं खातं असतं आणि ते घटस्फोटाविषयीही काहीतरी कागद देतं. पण तो कागद काय सांगतो ते नीट वाचायला हवं. टेक्सासचं खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांची नोंद असल्याचं पत्र देतं, डिक्री देत नाही. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या घटस्फोटांचा दाखला मिळतो, आणि त्यावरही दोघांची नावं, काउंटी आणि दाव्याचा नंबर एवढंच असतं. २००० नंतरच्या घटस्फोटासाठी तिथे अर्ज करणं म्हणजे नुसती वाट पाहणं.

फाइलच्या आतही कागद ओळखावा लागतो. कॅलिफोर्नियात ‘एफएल-१९०’ हा निकाल नोंदल्याची सूचना देणारा फॉर्म आहे. तो पाकिटातून घरी येतो म्हणून लोक त्यालाच डिक्री समजून जपून ठेवतात. खरा निकाल ‘एफएल-१८०’ वर असतो. त्यावरच्या तारखांकडेही लक्ष द्यावं. निकाल दाखल झाल्याची तारीख आणि वैवाहिक नातं संपल्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात, कारण समोरच्यावर समन्स बजावलं गेल्यापासून निदान सहा महिने गेल्याशिवाय तिथे लग्न संपत नाही. दुसऱ्या लग्नाची तारीख पहिल्या लग्नाच्या या शेवटच्या तारखेनंतरचीच हवी.

गैरसमज: कोर्टाची फाइल सार्वजनिक असते, म्हणजे घरबसल्या दिसते.

अर्धं खरं. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाइल सहसा सार्वजनिकच असते. कोर्टात जाऊन कोणीही ती मागू शकतो, नातं सिद्ध करावं लागत नाही. पण कौटुंबिक दाव्यांचे कागद सर्वसामान्यांना इंटरनेटवरून उघडू द्यायचे नाहीत, असा राज्याच्या न्यायालयीन नियमांचा दंडक आहे. घरबसल्या फार तर दाव्याचा नंबर आणि तारखांची यादी दिसते. मला हा दंडक योग्य वाटतो. मुलांच्या ताब्याविषयीची प्रतिज्ञापत्रं शेजाऱ्यांना चाळता येऊ नयेत. न्यूयॉर्क याहून कडक आहे. तिथे वैवाहिक दाव्याची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्यापुरतीच खुली असते, ती १०० वर्षं.

फाइल सार्वजनिक असण्याचा फायदाही घेता येतो. भारतातून डॉलरचा चेक आणि अमेरिकी तिकीट लावलेलं परतीचं पाकीट पाठवणं जिकिरीचं काम आहे. फाइल कॅलिफोर्नियात असेल तर तिथला भाऊ, मैत्रीण, कोणीही खिडकीवर जाऊन नक्कल आणू शकतो. न्यूयॉर्कची असेल तर मात्र तुमची ओळख आणि नोटरीसमोर सही केलेलं अधिकारपत्र लागेल. वकील कुठेच सक्तीचा नाही. पैसे घेऊन ‘घटस्फोटाची नोंद’ विकणारी खासगी संकेतस्थळं मात्र टाळावीत. ती कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल देऊ शकत नाहीत, फार तर नावांची यादी देतात.

गैरसमज: झेरॉक्सवर नोटरी केली की झालं.

आपल्याकडे नोटरीवर फार विश्वास. पण कॅलिफोर्नियाच्या नोटरीला कोर्टाच्या कागदाची प्रत प्रमाणित करण्याचा अधिकारच नाही. तो अधिकार कोर्टाच्या क्लार्कचा. म्हणून अर्जात ‘प्रमाणित नक्कल’ असं स्पष्ट लिहावं. नुसती ‘कॉपी’ मागितली तर नुसती कॉपीच येते. भारतात वापरायची असेल तर त्या नकलेवर अपोस्टील, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं परदेशात चालणारं प्रमाणपत्र, घ्यावं. तेही ज्या राज्याचं कोर्ट त्याच राज्याकडून: कॅलिफोर्नियात सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून, न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याकडून. अपोस्टीलच्या १९६१ च्या हेग करारात अमेरिका १९८१ पासून आहे आणि भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला.

कागद कसा प्रमाणित झाला यावर केवढं अवलंबून असतं, याची साक्ष आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल देतो. मिझुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या सर्किट कोर्टानं दिलेली डिक्री घेऊन एका नवऱ्यानं भारतात दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं द्विभार्या प्रतिबंधाखाली तक्रार केली. डिक्रीच्या छायाप्रतीवर सेंट लुईसच्या उपक्लार्कचं प्रमाणपत्र होतं. न्यायालयानं म्हटलं, छायाप्रत आहे एवढ्यावरून ती अग्राह्य ठरत नाही, पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणन तिच्यावर नाही, म्हणून अग्राह्य. तेव्हा भारतात अपोस्टील लागू नव्हतं.

गैरसमज: अपोस्टील लागलं, म्हणजे घटस्फोट भारतात मान्य.

त्याच निकालात याचंही उत्तर आहे. अपोस्टील सही आणि शिक्का खरा आहे एवढंच सांगतं. त्या प्रकरणात नवरा राहत होता लुइझियानात, आणि मिझुरीत ९० दिवसांच्या वास्तव्याच्या आधारावर त्यानं तिथे दावा लावला. बायको भारतात होती आणि तिनं त्या कोर्टाचा अधिकार मानलाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्या कायद्याला धरून कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण असावं. अपवादांपैकी दोन: समोरची बाजू स्वेच्छेनं हजर होऊन लढली असेल, किंवा तिनं घटस्फोटाला संमती दिली असेल. म्हणून नक्कल मागताना डिक्रीबरोबर हजेरीचा किंवा संमतीचा कागदही मागून घ्यावा. समझोत्यावर दोघांच्या सह्या असतील तर तो हवाच. आम्ही तो पहिल्या खेपेला मागितला नाही, आणि नक्कल आणायला गेलेल्या बहिणीच्या मैत्रिणीला सॅन होजेच्या कोर्टाच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागलं.

गैरसमज: वीस वर्षांपूर्वीचा कागद आता काय कामाचा?

जुनी फाइल कोर्टाच्या इमारतीबाहेरच्या गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर जाते, त्यामुळे ती यायला वेळ लागतो, पण सहसा मिळते. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टाचं दप्तर जळलं, तशी आपत्ती विरळा. आणि त्याची गरजही पडते. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या अर्जाला आधीचं प्रत्येक लग्न कसं संपलं याचा पुरावा लागतो. आणि एक गोष्ट आपल्या बायकांना फारच कमी माहीत असते. लग्न किमान १० वर्षं टिकलेलं असेल, बाईनं पुन्हा लग्न केलेलं नसेल आणि तिचं वय ६२ झालं असेल, तर माजी नवऱ्याच्या नोंदीवर तिला सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे तिथल्या सरकारी निवृत्तिवेतनाचा, हप्ता मागता येतो, जास्तीत जास्त त्याच्या पूर्ण हप्त्याच्या निम्मा. त्यानं त्याचा हप्ता कमी होत नाही. एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर आलेल्या, वर्षानुवर्षं कामाची परवानगी नसलेल्या आणि घटस्फोटानंतर तिथेच राहिलेल्या कितीतरी जणींच्या स्वतःच्या नावावर पुरेशी कमाई नसते. त्यांना लग्नाचा पुण्याचा दाखला आणि काउंटी क्लार्कची डिक्री हे दोन्ही कागद दाखवावे लागतात, कारण पहिल्यावरून दहा वर्षं मोजायला सुरुवात होते आणि दुसऱ्यावर ती संपतात.