जुनी शाळेची बस घेताना इंजिन-गिअरबॉक्सची पारख



गावातील पालकांनी मिळून शाळेसाठी जुनी बस घ्यायची ठरवली, की पहिला प्रश्न असतो ‘किती सीटर?’ आणि दुसरा ‘केवढ्याला देता?’ बैल घेताना आपण दात बघतो, खांदा बघतो, जुंपून बघतो. मग ज्या गाडीत आपली लेकरे बसणार, तिची तेवढी तरी पारख नको काय?

आधी रस्ता, मग इंजिन. शिरोळच्या सपाटीवर वीस-पंचवीस मुलांना चार सिलिंडरचे इंजिन पुरते. टाटाच्या जुन्या इंजिनांचे आकडेच बोलतात. ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, बोअर तोच. पहिले सुमारे ३ लिटरचे, दुसरे ५.७ लिटरचे. पन्नास मुले घेऊन पन्हाळ्याचा किंवा गगनबावड्याचा चढ चढायचा, तर लहान इंजिन रडते, तापते आणि डिझेलही जादा पिते.

बस कोणत्या काळातली? जुन्या साध्या पंपाच्या इंजिनाचे काम आपल्या उद्यमनगरात सहज होते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांना धुराची जाळी असते. रोज चार-पाच किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर ती नीट तापत नाही आणि काजळीने तुंबते. बऱ्याच मोठ्या बीएस-६ गाड्यांना युरियाचे शुद्ध द्रावणही लागते. शेतातला कडुनिंबाचा लेप दिलेला युरिया पाण्यात कालवून ओतू नका. दुरुस्तीचा खर्च अंगावर येईल.

इंजिन थंड असताना बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर समजून जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. गरम झाल्यावरही पांढरा धूर राहिला तर पाणी सिलिंडरात जात असण्याचा संशय घ्या. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जादा. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढा. भकाभका वाफ आली तर रिंगा-लायनर गेले म्हणायचे.

गिअरबॉक्सची खरी परीक्षा उतारावर. अनुभवी ड्रायव्हर सोबत न्या, गाडी मोकळीच असू द्या. दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय एकदम काढा. दांडा आपोआप न्यूट्रलला उडाला तर ती बस घेऊ नका. घाटात गाडी इंजिनाच्या जोरावरच आवरते. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. विकणारा म्हणेल, ‘दांडा हातानं धरून ठेवायचा, काय होत न्हाई.’ त्याचे ऐकू नका.

शेवटी कागद. आठ वर्षांवरील बसला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते; त्याची तारीख बघा. पण कागद पक्का म्हणून गिअरबॉक्स पक्का, असे नव्हे. ओळखीच्या मेस्त्रीला एक दिवसाची मजुरी द्या, पण त्याने बघितल्याशिवाय विसार देऊ नका.