साखर, शून्य आणि आकड्यांचा ताळा

12 मार्च 2012 रोजी केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने जानेवारी महिन्याचा औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक जाहीर केला. वाढीचा दर 6.8 टक्के होता. आधीच्या महिन्यांतील मरगळ ध्यानात घेता हा आकडा सुखावणारा होता. तीन दिवसांनी रिझर्व्ह बँकेने पतधोरणाचा आढावा घेऊन रेपो दर 8.5 टक्क्यांवर कायम ठेवला. बरोबर महिन्याने, 12 एप्रिलला, त्याच खात्याने आपला आकडा दुरुस्त केला. जानेवारीतील वाढ 6.8 नव्हे, अवघी 1.1 टक्का होती. साखरेचे उत्पादन सुमारे 58 लाख टन असताना ते 134 लाख टन धरले गेले होते.

त्या सुमारास देशात साखरेचे वर्षाचे उत्पादन अडीचशे लाख टनांच्या आसपास असे. म्हणजे निम्म्या वर्षाची साखर एका महिन्यात तयार झाली, असे तो आकडा सांगत होता. जानेवारी हा ऐन गळिताचा महिना खरा. तरीही कोल्हापूर-सांगलीकडील एखाद्या साखर कारखान्यातील कारकुनाने हा आकडा पाहिला असता, तर त्याने पेन खाली ठेवून प्रथम शंका विचारली असती. दुर्दैवाने हा आकडा ज्या टेबलांवरून गेला, तेथे ऊस ठाऊक असलेला माणूस नसावा.

येथे बेरीज चुकलेली नव्हती. संगणक बेरीज चुकत नाही, आणि नेमक्या याच विश्वासाने आज सरकारी खाती, बँका व कंपन्या आपला सर्व अहवालव्यवहार त्याच्यावर सोपवीत आहेत. शंभर ठिकाणांहून माहिती येते, आज्ञावली ती एकत्र करते आणि वरिष्ठांच्या पडद्यावर रंगीत आलेख उमटतो. या व्यवस्थेला व्यापारी जगात ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे भारदस्त नाव आहे. परंतु चुकीच्या माहितीचा आलेखही तितकाच देखणा निघतो. जुन्या खतावणीत निदान खाडाखोड दिसत असे.

ब्रिटनमध्ये 2020 साली जे घडले, ते याहून गंभीर होते. कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत आणि ते एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फाइलींत भरले जात. अशा फाइलीत 65,536 ओळींहून अधिक मजकूर मावत नाही. उरलेल्या नोंदी गळून पडल्या आणि यंत्राने चकार शब्द काढला नाही. 25 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर या काळातील 15,841 बाधितांची गणना दैनिक आकडेवारीत झालीच नाही. रुग्णांना त्यांचे निकाल कळले होते. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेकडे ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत. ऐन साथीत ती माणसे आपापल्या कामावर जात-येत राहिली असतील, हे सांगावयास नको. पाठविलेल्या नोंदी किती आणि पोहोचलेल्या किती, एवढा मेळ रोज घातला असता तर ही चूक पहिल्याच दिवशी पकडली जाती. बँकेतील रोखपाल संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय उठत नाही. त्याला हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही.

भारताला तर या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाच्या पाहणीत एक साधी युक्ती योजली होती. निवडलेला नमुना दोन स्वतंत्र भागांत विभागावयाचा, दोन वेगळ्या पथकांकडून पाहणी करवून घ्यावयाची आणि निष्कर्ष शेजारीशेजारी मांडावयाचे. दोहोंत फार तफावत आली तर कोठेतरी पाणी मुरते आहे, हे उघड होई. काम दुप्पट होत नसे. कारण नमुना तोच, फक्त वाटून घेतलेला. पुढे राष्ट्रीय नमुना पाहणीतही ही पद्धत आली. तपासणी हे काम संपल्यानंतरचे शेपूट नसून पाहणीच्या आराखड्याचाच भाग आहे, ही दृष्टी तिच्यामागे होती.

आजच्या अहवालयंत्रणांत नेमके याच्या उलट चालते. मुदत जवळ आली की पहिली कात्री पडताळणीच्या दिवसांना लागते. आज्ञावली लिहिणाराच तिची परीक्षा घेतो. म्हणजे परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, तसला प्रकार. व्याख्यांचा गोंधळ वेगळाच. ‘विद्यार्थी किती?’ या प्रश्नाचे उत्तर पटावरून द्यावयाचे की हजेरीवरून, हे ठरल्याशिवाय दोन शाळांच्या आकड्यांची बेरीज करणेच व्यर्थ आहे. ऑनलाइन तक्ते भरणाऱ्या शिक्षकांना आणखी एक अडचण परिचयाची असेल. माहिती उपलब्ध नसली तरी पडदा कोरी चौकट स्वीकारीत नाही. मग नाइलाजाने तेथे शून्य भरले जाते. ‘माहीत नाही’ आणि ‘एकही नाही’ यांतील भेद त्या क्षणी पुसला जातो, आणि वरच्या कार्यालयात त्या शून्यांसकट सरासरी निघते. ज्याने ही विसंगती दाखवावी, त्याला अहवाल रखडविल्याबद्दल बोल खावे लागतात.

सांख्यिकी खात्याने आपली चूक लपविली नाही, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवावयास हवी. निर्देशांक दुरुस्त झाल्यानंतर पाचच दिवसांनी, 17 एप्रिलला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने खाली आणला. तो निर्णय त्या एका दुरुस्तीमुळेच झाला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल; धोरण ठरविताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात. मात्र मार्चच्या बैठकीत जे कागद पुढे होते, त्यांत 6.8 हाच आकडा होता.