विश्लेषण : कॅराव्हॅनमध्ये लिथियम बॅटरी बसवताय? फायदा किती, चूक कुठे होते?

डिसेंबर २०२४ मधली घटना. केरळच्या कोझिकोड जिल्ह्यात वडकरा इथे राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला एक कॅराव्हॅन बराच वेळ उभी होती. लोकांना संशय आला, दार उघडलं, तर आत दोन जणांचे मृतदेह सापडले. एसीसाठी जनरेटर चालवला होता आणि दारं बंद होती. कालिकतच्या एनआयटीमधील तज्ज्ञांनी गाडीची तपासणी केली, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातील छिद्रातून आत शिरल्याचं समोर आलं. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. झोपलेल्या माणसाला जाग यायची संधीच मिळत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच सुमारास अनेकांनी स्वतःच्या गाड्याही कॅम्पर व्हॅनमध्ये बदलून घ्यायला सुरुवात केली. अशा प्रत्येक गाडीत एक प्रश्न असतोच : इंजिन बंद असताना रात्रभर वीज कुठून आणायची? जनरेटर नको असेल तर उत्तर एकच, बॅटरी. आणि सध्या बॅटरी म्हटलं की लिथियमचं नाव पुढे येतं. पण जुनी काढून नवी बसवली की काम झालं, असं मात्र नाही. सविस्तर समजून घेऊया.

गाडीत दोन बॅटऱ्या कशासाठी?

कॅराव्हॅनमध्ये दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. पहिली इंजिन सुरू करणारी. ती काही सेकंदांसाठी प्रचंड करंट देते आणि लगेच पुन्हा चार्ज होते. दुसरी ‘लिजर’ किंवा ‘हाऊस’ बॅटरी. दिवे, पंखे, फ्रिज, पाण्याचा पंप, मोबाइल-लॅपटॉप चार्जिंग हे सगळं तिच्यावर चालतं. ती हळूहळू आणि खोलवर रिकामी होते. दोन्ही वेगळ्या ठेवण्याचं कारण साधं आहे. रात्री कितीही वीज वापरली, तरी सकाळी गाडी सुरू झाली पाहिजे.

आपल्याकडे लिजर बॅटरी म्हणून बहुतेक वेळा घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर लेड-अॅसिड बॅटरीच बसवली जाते. हे तंत्रज्ञान १८५९ मधलं, फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांचं. स्वस्त आहे, कुठेही दुरुस्त होतं. पण ते घरात एका जागी उभं राहण्यासाठी ठीक आहे. गाडीत वजन, हादरे आणि चार्जिंग करताना निघणारा हायड्रोजन या तिन्ही अडचणी येतात.

१५० एएच मोठी की १०० एएच?

इथेच पहिला गोंधळ होतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवर (एएच) लेड-अॅसिड बॅटरी कागदावर १.८ युनिट वीज साठवते. पण ती वारंवार अर्ध्याच्या खाली नेली, तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी उरतं साधारण ०.९ युनिट. वजन ५० ते ६० किलो.

१०० एएचची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्टची असते, म्हणजे १.२८ युनिट. त्यातलं ९० टक्के बिनधास्त वापरता येतं. हाताशी सुमारे १.१५ युनिट. वजन १० ते १३ किलो.

थोडक्यात, आकडा लहान, पण प्रत्यक्ष वीज जास्त आणि वजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

लिथियममध्येही प्रकार असतात का?

हो, आणि सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. मोबाइल-लॅपटॉप आणि काही इलेक्ट्रिक गाड्यांत निकेल किंवा कोबाल्ट असलेले सेल असतात. कॅराव्हॅनसाठी वापरायचे ते लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजेच ‘एलएफपी’. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने हे रसायन पुढे आणलं. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी त्यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

एलएफपीमध्ये त्याच वजनात थोडी कमी वीज मावते, पण अनियंत्रित तापण्याची प्रक्रिया सुरू व्हायला तुलनेने बरंच जास्त तापमान लागतं. ज्या पलंगाखाली बॅटरी आहे त्याच्यावर तुम्ही झोपणार असाल, तर हा सौदा फायद्याचा आहे. मात्र ‘एलएफपी म्हणजे आग लागूच शकत नाही’ हे विधान चुकीचं आहे. सैल जोडणी आणि बारीक वायर कुठल्याही बॅटरीला पेटवू शकते.

एका दिवसाला किती वीज लागते?

दोन-तीन जणांच्या व्हॅनचा अंदाज असा :

- १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवसभर : ५०० वॉट-अवर
- २० वॉटचे दोन पंखे, ८ तास : ३२० वॉट-अवर
- एलईडी दिवे, २० वॉट, ५ तास : १०० वॉट-अवर
- मोबाइल आणि लॅपटॉप : १५० वॉट-अवर
- पाण्याचा पंप : ३० वॉट-अवर

बेरीज ११०० वॉट-अवर, म्हणजे १.१ युनिट. १०० एएचच्या एका लिथियम बॅटरीत हा दिवस जेमतेम निघतो. १५० एएचच्या लेड-अॅसिडवर फ्रिज पहाटेच कुरकुरायला लागेल.

मग एसी चालेल का?

चालेल, पण हिशेब बदलतो. छोटा इन्व्हर्टर एसी सरासरी ६०० वॉट घेतो असं धरलं, तर ८ तासांना ४.८ युनिट. इन्व्हर्टरमधली सुमारे १० टक्के तूट धरून ५.३ युनिट. त्यासाठी १०० एएचच्या पाच लिथियम बॅटऱ्या लागतील, वजन ६० किलोच्या आसपास. तेवढीच वीज लेड-अॅसिडमधून हवी असेल तर १५० एएचच्या सहा बॅटऱ्या, म्हणजे ३०० किलोहून अधिक. जास्त करंट खेचला की लेड-अॅसिडची क्षमता आणखी घटते, तो भाग वेगळा. आजवर एसीसाठी जनरेटर का लावले जात होते, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

जुनी काढली, नवी लावली. इतकं सोपं का नाही?

माझ्या कॉलेजच्या एका मित्राने हेच केलं. गणपतीपुळ्याला रात्री दीड वाजता गाडीतली सगळी वीज एका झटक्यात गेली. बॅटरी बिघडली नव्हती. चार्जर जुना होता. त्याने संध्याकाळी बॅटरी नीट भरलीच नव्हती, आणि मित्र व्होल्टमीटर बघून निश्चिंत होता. बदलायच्या गोष्टी चार आहेत.

चार्जर : एलएफपी बॅटरीला साधारण १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत चार्जिंग हवं. अनेक जुन्या चार्जर-इन्व्हर्टरमध्ये लेड-अॅसिडच्या प्लेट ‘साफ’ करण्यासाठी व्होल्टेज १५ च्या वर नेणारा मोड असतो. तो लिथियमला घातक आहे. चार्जरमध्ये ‘लिथियम’ किंवा ‘एलएफपी’ सेटिंग नसेल, तर चार्जर बदलावाच लागतो. सोलर कंट्रोलरलाही हेच लागू.

अल्टरनेटर : लेड-अॅसिड बॅटरी भरत आली की स्वतःच कमी करंट घेते. लिथियमचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो, त्यामुळे तो तापून जळू शकतो. म्हणून साध्या रिलेऐवजी मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. ३० अँपिअरचा चार्जर १०० एएचची रिकामी बॅटरी साधारण साडेतीन तासांत भरतो, म्हणजे पुण्याहून महाबळेश्वरला पोहोचेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त होतं. तिथे तर डीसी-डीसी चार्जरला पर्याय नाही. व्हॅनची यंत्रणा बहुधा १२ व्होल्टची, मोठ्या बसच्या चॅसिसची २४ व्होल्टची असते. चार्जर त्यानुसार निवडा.

वायर : २००० वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर पूर्ण भाराने चालला, की वायरमधून १७० अँपिअरहून जास्त करंट जातो. घरच्या मिक्सरची वायर डोळ्यांसमोर ठेवून चालत नाही. इथे ५० ते ७० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल आणि यंत्राने दाबून बसवलेले लग लागतात. हातोडीने चेपलेला लग काही महिन्यांत सैल होतो आणि तापतो.

फ्यूज : बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज हवा. शॉर्ट झाल्यास लिथियम बॅटरी हजारो अँपिअर देऊ शकते. तेवढा करंट तोडण्याची क्षमता साध्या ऑटो फ्यूजमध्ये नसते, त्यात ठिणगी चालूच राहू शकते. म्हणून ‘क्लास-टी’ प्रकारचा फ्यूज वापरतात. या कामात सर्वाधिक कंजुषी इथेच होते, आणि ती सर्वांत महाग पडते.

बीएमएस म्हणजे नेमकं काय?

‘बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम’ हे बॅटरीच्या आत बसवलेलं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. १२.८ व्होल्टच्या बॅटरीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला, फार खाली गेला, तापला किंवा करंट मर्यादेबाहेर गेला, तर बीएमएस पुरवठा तोडतं. मित्राच्या गाडीत रात्री दीडला झालं ते हेच. लेड-अॅसिडवर दिवे आधी मंद होतात. लिथियममध्ये बहुधा तशी सूचना मिळत नाही.

बीएमएस ही शेवटची भिंत आहे, रोजचा स्विच नव्हे. फ्यूज आणि योग्य चार्जर यांची जागा ते घेत नाही.

व्होल्टमीटरवर विश्वास का ठेवू नये?

लेड-अॅसिडचं व्होल्टेज चार्जसोबत हळूहळू उतरतं. एलएफपीचं व्होल्टेज मात्र बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहतं. ७० टक्के उरलेत की ४० टक्के, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी शंट असलेला बॅटरी मॉनिटर लावावा लागतो. तो आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्केवारी दाखवतो.

ऊन आणि थंडी

बहुतेक एलएफपी सेलसाठी चार्जिंगचं तापमान ० ते ४५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. काही कंपन्या ५५ पर्यंत परवानगी देतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे बाहेरच ४५ अंश असतात, बंद गाडीत त्याहून जास्त. त्यामुळे बॅटरी इंजिनजवळ किंवा उन्हात तापणाऱ्या पत्र्याला चिकटून ठेवू नका, आजूबाजूला हवा खेळती ठेवा.

स्पिती किंवा लडाखला जाणार असाल, तर उलटी अडचण. शून्याखाली चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि कायमचं नुकसान होतं. ‘लो टेम्परेचर कट-ऑफ’ असलेलं बीएमएस किंवा आतच हीटर असलेली बॅटरी घ्यावी.

पैसे वसूल होतात का?

किमती ब्रँडनुसार बदलतात, म्हणून समजा लेड-अॅसिड १५ हजारांना आणि लिथियम ३० हजारांना मिळाली. लेड-अॅसिडची ५०० चक्रं धरली तर एका युनिटमागे बॅटरीचा खर्च ३३ रुपये. लिथियमची २५०० चक्रं धरली तर साधारण १० रुपये. जाहिरातीत हाच हिशेब असतो.

पण तुम्ही वर्षाला ३० रात्रीच बाहेर पडत असाल तर? पाच वर्षांत लेड-अॅसिड तशीही म्हातारी होईल, तोवर १५० रात्री. खर्च युनिटमागे १११ रुपये. लिथियम दहा वर्षं टिकली तर ३०० रात्री, खर्च ८७ रुपये. फरक बराच कमी होतो. त्यात डीसी-डीसी चार्जर, फ्यूज, केबलचा खर्च मिळवला, तर हौशी प्रवाशाला फक्त पैशांच्या जोरावर लिथियमचं समर्थन करणं अवघड जातं. वजन, जागा आणि शांत रात्र यांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. गाडी भाड्याने देणाऱ्यांसाठी, किंवा महिनोन्महिने गाडीत राहणाऱ्यांसाठी मात्र गणित स्पष्टपणे लिथियमच्या बाजूचं आहे.

खरेदीआधी दुकानदाराला काय विचाराल?

- सेल एलएफपी आहेत का, नवे आहेत का? वापरलेले सेल नव्या डब्यात भरूनही विकले जातात.
- बीएमएस सतत किती अँपिअर देऊ शकतं? १०० अँपिअरचं असेल, तर त्या एका बॅटरीवर २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालणार नाही.
- वॉरंटी वर्षांत आहे की चक्रांत, आणि ती गाडीतल्या वापराला लागू आहे का? घरगुती वापरापुरती असू शकते.
- समोर पूर्ण डिस्चार्ज करून क्षमता मोजून दाखवाल का?

जुनी बॅटरी भंगारवाल्याला रस्त्यावर देऊ नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन पुनर्वापराला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. विक्रेत्याकडे बदलीत द्या. शिशाला भावही मिळतो. गाडीतला बदल विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओची मंजुरी लागते का, हे काम सुरू करण्याआधीच विचारा.

आणि एक शेवटची वस्तू. लिथियम बसवली तरी गाडीत गॅसची शेगडी असते, शेजारी दुसऱ्या कुणाचा जनरेटर सुरू असू शकतो. त्यामुळे झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि तळातली वायर-पाइपची छिद्रं बुजवून घ्या. या सगळ्या यादीतला हा सर्वांत कमी खर्च आहे. सुरुवात तिथूनच करा.