सेरोटोनिन आणि उत्थानक्षम ऊतक

१९४८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे रॅपोर्ट, ग्रीन व पेज ह्या संशोधकांनी रक्तरसातून एक द्रव्य वेगळे केले. ते रक्तवाहिन्यांचे आकुंचन घडविते, म्हणून त्यास ‘सेरोटोनिन’ हे नाव मिळाले. हेच द्रव्य आतड्यांत व मेंदूतही असते. मात्र सर्वत्र त्याचे कार्य एकच नसते. १९५७ साली गॅडम व पिकारेली ह्यांनी गिनीपिगच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, ह्या द्रव्याचे ग्राही एकाहून अधिक प्रकारचे आहेत. ग्राही म्हणजे पेशीवरील असे प्रथिन की, ज्यास विशिष्ट द्रव्य चिकटताच पेशी ठरावीक प्रतिसाद देते. आज सेरोटोनिनच्या ग्राहींची सात कुले ज्ञात आहेत.

ह्या विविधतेचे एक बोधप्रद उदाहरण शिश्नातील उत्थानक्षम ऊतकात आढळते. हे ऊतक स्पंजाप्रमाणे सच्छिद्र असून त्यातील पोकळ्यांभोवती अनैच्छिक स्नायू असतात. एरवी ते आकुंचित राहतात व रक्त अल्पच आत शिरते. मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटले म्हणजे स्नायू सैल पडतात, पोकळ्या रक्ताने भरतात आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन उत्थान टिकते. उत्थान घडते ते स्नायूंच्या आकुंचनाने नव्हे, तर शैथिल्याने.

ह्या स्नायूंतील ‘२-ए’ ग्राहींस सेरोटोनिन चिकटले की स्नायू आकुंचन पावतात. हे उत्थानास प्रतिकूल होय. उलट, मध्यवर्ती मज्जासंस्थेतील ‘२-सी’ ग्राही उद्दीपित केल्यास प्रयोगातील उंदरांत उत्थान घडून येते. तथापि मेंदूतून मेरुरज्जूकडे उतरणाऱ्या सेरोटोनिनयुक्त मज्जातंतूंचा एकंदर परिणाम दमनाचाच असतो.

ह्या ज्ञानास व्यावहारिक महत्त्व आहे. विषादावरील फ्लुओक्सेटिनसारखी औषधे मज्जातंतूंच्या संधिस्थानी सेरोटोनिन वाढवितात. मन सावरते, परंतु काही रुग्णांची कामेच्छा मंदावते, उत्थानास वा वीर्यस्खलनास अडथळा येतो. संकोचापायी रुग्ण हे कोणास सांगत नाही व औषध परस्पर सोडतो. मग विषाद पुन्हा उलटण्याची भीती असते. वस्तुतः मात्रा बदलणे किंवा दुसरे औषध देणे वैद्यास शक्य असते. ट्रॅझोडोन ह्या दुसऱ्या एका औषधाने क्वचित विपरीत घडते: वेदनायुक्त उत्थान शमतच नाही. ते ४ तासांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. विलंबाने ऊतकास कायमची इजा पोहोचते.

ग्राहींचे कार्य लज्जेचा विषय नव्हे. वैद्यापाशी मोकळेपणाने बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे.