डुकरांचे फोड, समुद्रसिंहांची वल्ही

लोबोमायकोसिस या त्वचारोगावर या आठवड्यात लिहिणार होतो. फ्लोरिडाच्या इंडियन रिव्हर लगूनमधल्या डॉल्फिनांची सगळी टिपणं काढूनही ठेवली होती. पण माझ्या आधीच्या सीलपॉक्सच्या लेखावर कोकणातल्या एका वाचकांचं पत्र आलं. हे गृहस्थ पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले, जन्मभर जनावरांत वावरलेले. ते विचारतात, ‘सील हाताळणाऱ्या माणसांना फोड येतात हे वाचलं. पण समुद्रातल्या प्राण्यांच्या कातडीवरचा असा रोग जमिनीवरच्या पाळीव जनावरांत कधी शिरला आहे का? लाळ्या खुरकुतीचे फोड आयुष्यभर पाहिले, म्हणून विचारतो.’

काका, शिरला आहे. तोही अगदी लाळ्या खुरकुतीचं रूप घेऊन. ही हकीकत मला इतकी आवडते की तिला एखादा परिच्छेद देऊन भागवणं जमणार नाही. लोबोमायकोसिस आठवडाभर थांबेल.

गोष्ट कॅलिफोर्नियातली आहे. त्या राज्याने लाळ्या खुरकुतीचे दोन तडाखे लागोपाठ सोसले होते. १९२४ची साथ एवढी पसरली की रोग रानात गेला आणि स्टॅनिस्लॉसच्या जंगलात बावीस हजारांच्या आसपास हरणं मारावी लागली. १९२९ साली रोग पुन्हा आला. या वेळी अर्जेंटिनाचं मांस घेतलेल्या एका प्रवासी जहाजावरचं खरकटं डुकरांना घातलं गेलं होतं. त्यामुळे १९३२च्या एप्रिलमध्ये ऑरेंज काउंटीतल्या डुकरांच्या नाकाडावर, ओठांवर आणि खुरांच्या बेचक्यात पाण्याने भरलेले फोड दिसले, तेव्हा अधिकाऱ्यांनी वाट पाहिली नाही. हजारो डुकरं ठार झाली, गोठे धुऊन काढले गेले, वाहतूक बंद झाली. मी त्यांना दोष देणार नाही. फोड आलेलं, ताप चढलेलं, लंगडणारं डुक्कर समोर असताना नुसत्या डोळ्यांनी हा रोग लाळ्या खुरकुतीपासून वेगळा ओळखणं आजच्या निष्णात पशुवैद्यालाही शक्य नाही.

तरी एक गोष्ट खटकत होती. लाळ्या खुरकूत गाईला होते, आणि गिनीपिगच्या तळपायात टोचली तर त्यालाही होते. या फोडांतला द्रव गाईंना आणि गिनीपिगांना टोचला तर काहीच होत नव्हतं, डुकरांना मात्र हमखास फोड यायचे. बर्कलेच्या विद्यापीठातल्या जेकब ट्रॉम यांनी हा धागा सोडला नाही. पुढच्या साथींतही हेच दिसलं, तेव्हा हा निराळाच रोग आहे हे त्यांनी ठरवलं आणि त्याला ‘व्हेसिक्युलर एक्झँथेमा’ असं नाव दिलं. डुकरं आठवड्या-दोन आठवड्यांत बरी व्हायची, मरायची थोडी. पण वजन उतरायचं, गाभण माद्या गाभडायच्या, दूध आटून पिल्लं दगावायची. मालकाचं नुकसान व्हायचं ते तिथे.

पुढची वीस वर्षं हा रोग कॅलिफोर्नियाच्या सीमेत राहिला. मध्ये तीनेक वर्षं तर पार नाहीसा झाला आणि १९३९च्या अखेरीस पुन्हा उगवला. धान्यावर वाढलेल्या कळपांत तो क्वचित दिसे, हॉटेलांचं आणि शहराचं खरकटं खाणाऱ्या कळपांत मात्र वारंवार येई. डुकराचं कच्चं मांस खरकट्यातून पुन्हा डुकराच्याच पोटात जातं, म्हणून रोग फिरत राहतो, एवढं उत्तर तेव्हा पुरेसं वाटलं. ते बरोबरही होतं, फक्त अर्धं.

उरलेल्या अर्ध्या उत्तराकडे बोट दाखवणारी खूण प्रयोगशाळेच्या फडताळात जमत होती. साथ आली की विषाणूचा नमुना जपून ठेवायचा आणि त्याला अक्षर व वर्ष द्यायचं, ए-४८, बी-५१, सी-५२, अशी पद्धत होती. ए-४८ मधून उठलेल्या डुकराला बी-५१ पुन्हा होई. प्रत्येक प्रकार अंगातल्या प्रतिकारशक्तीला नवखा होता. असे तेरा प्रकार जमले. एका राज्यातल्या डुकरांत, मध्येच नाहीशा होणाऱ्या रोगात, एवढे प्रकार आले कुठून? एकच विषाणू डुकरांत फिरताना बदलत गेला असेल, किंवा बाहेर कुठेतरी मोठा साठा असून त्यातून दर वेळी वेगळा विषाणू आत येत असेल. आज मागे वळून पाहताना दुसरी शक्यता ढळढळीत दिसते. पण तेव्हा समुद्राकडे पाहायला कुणाला काही कारणच नव्हतं.

१९५२च्या जूनमध्ये बांध फुटला. कॅलिफोर्नियाहून शिकागोकडे जाणाऱ्या गाड्यांतलं खरकटं वायोमिंगमधल्या शायेन गावी उतरवलं जाई आणि डुकरांना घातलं जाई. त्यात डुकराच्या मांसाचे कच्चे तुकडे होते. तिथली डुकरं नेब्रास्कातल्या ग्रँड आयलंडला, हॉग कॉलऱ्याचं सीरम बनवणाऱ्या कारखान्यात गेली. डुकरांची सतत ये-जा असलेली अशी जागा म्हणजे रोगाला हवा तसा नाकाच होता. १९५३च्या शरदापर्यंत बेचाळीस राज्यांत फोड दिसले. १९५२च्या ऑगस्टमध्येच केंद्र सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. मग राज्याराज्यांत कायदे झाले की खरकटं शिजवल्याशिवाय डुकरांना घालायचं नाही. एवढ्या एका नियमाने रोग मागे हटला. शेवटची साथ १९५६ साली न्यू जर्सीत आली आणि १९५९ साली रोगाचा नायनाट झाल्याचं जाहीर झालं. तेरा प्रकार शीतपेटीत गेले आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरलं.

आता कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या चॅनेल बेटांकडे जाऊ. या ओळीच्या पश्चिम टोकाला सॅन मिगेल आहे. वारा अखंड, झाड जवळजवळ नाही, आणि वाळूवर हजारो समुद्रसिंह आणि फर सील. एकाच किनाऱ्यावर सील-समुद्रसिंहांच्या इतक्या जाती दिसाव्यात, अशा जागा जगात थोड्या. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे दिवस भरण्याआधीच जन्मलेली, श्वासही नीट न घेऊ शकणारी पिल्लं मोठ्या संख्येने दिसू लागली. संशय पहिल्यांदा डीडीटीवर गेला. लॉस एंजेलिसच्या गटारांतून डीडीटी कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं समुद्रात जात होतं, आणि गाभडलेल्या माद्यांच्या चरबीत त्याचे अंश खरोखरच जास्त सापडले. दुसरा संशयित होता लेप्टोस्पायरोसिसचा जिवाणू.

आल्विन स्मिथ हे पशुवैद्य तिथे विषाणू शोधत होते. १९७२ साली गाभडलेल्या समुद्रसिंहांच्या नमुन्यांतून त्यांना एक विषाणू मिळाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागावर वाटीसारखे खळगे दिसत होते. हे कॅलिसिव्हायरसांचं लक्षण, आणि डुकरांच्या जुन्या रोगाचा विषाणूही याच कुळातला. स्मिथ यांच्या सहकाऱ्यांत स्टुअर्ट मॅडिन होते, म्हणजे ज्यांनी पूर्वी ट्रॉम यांच्याबरोबर डुकरांच्या त्याच रोगावर काम केलं होतं ते. या विषाणूला त्यांच्याइतका ओळखणारा माणूस दुसरा मिळाला नसता. समुद्रसिंहाचा विषाणू डुकरांना टोचला. नाकाडावर फोड आले, खुरांवर फोड आले, डुकरं लंगडू लागली. चौदा वर्षांपूर्वी नायनाट झालेला रोग समोर उभा होता. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं आणि विषाणूला बेटाचं नाव मिळालं, सॅन मिगेल सी लायन व्हायरस.

समुद्रसिंहाच्या अंगावर हा रोग कसा दिसतो? पुढच्या-मागच्या वल्ह्यांची कातडी जिथे केसांविना उघडी असते तिथे फोड उठतात, काही मोहरीएवढे, काही रुपयाच्या नाण्याएवढे. ते फुटतात, उथळ व्रण उरतो, आणि बहुतेक वेळा तो आपोआप भरून येतो. पिल्लं गाभडण्याचा सगळा दोष या विषाणूवर टाकायला मी तयार नाही. डीडीटी, लेप्टोस्पायरा आणि हा, तिघांचाही वाटा असावा असं माझं मत आहे. पण फोड मात्र निःसंशय याचेच.

साखळीतला पुढचा दुवा मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. त्या किनाऱ्यावर केल्पच्या रानात ओपलआय नावाचा मासा राहतो. तो मुख्यतः शेवाळ खाणारा, पण समुद्रसिंहाची विष्ठाही खातो. त्या विष्ठेतून समुद्रसिंहाच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या माशात जातात आणि मासा खाल्ला की परत समुद्रसिंहात येतात. विषाणूही याच वाटेवर सापडला. १९८० साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधात ओपलआयमधून वेगळा काढलेला कॅलिसिव्हायरस डुकरांत रोग घडवतो हे दाखवलं गेलं. पंधरा अंश सेल्सियसच्या थंड अंगाच्या माशातही तो वाढतो आणि उष्ण रक्ताच्या डुकरातही. विषाणूंच्या जगात असा दोन्हीकडे रमणारा विरळाच.

म्हणजे खरकट्याचं उरलेलं अर्धं उत्तर हे असणार. कॅलिफोर्नियाच्या हॉटेलांतल्या उष्ट्यात डुकराच्या मांसाबरोबर कच्च्या मासळीचे टाकाऊ भागही होते. समुद्र अधूनमधून नवा प्रकार आत ढकलत होता आणि डुकराचं कच्चं मांस तो पुढे नेत होतं. १९३२ साली तो नेमका कोणत्या माशातून आला हे कुणी दाखवू शकणार नाही, पण तेरा प्रकारांचं कोडं याहून चांगलं कुठल्याच उत्तराने सुटत नाही. आणि माणूस? या विषाणूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एका व्यक्तीच्या हातापायांवर फोड आले आणि त्या फोडांतून हाच विषाणू वेगळा काढला गेला, अशी नोंद १९९८ साली प्रसिद्ध झाली. म्हणून समुद्रसिंह हाताळताना हातमोजे हवेतच.

तेव्हा काका, तुम्ही आयुष्यभर पाहिलेली लाळ्या खुरकूत समुद्रातून आलेली नाही. तिचा विषाणू पार वेगळ्या कुळातला आहे. पण तुमच्या ओळखीत गोव्यात, कोकणात कुणी डुकरं पाळत असतील तर त्यांना एक निरोप जरूर द्या. हॉटेलातलं खरकटं आणि मासळीबाजारातला कचरा कच्चा घालू नका. अमेरिकेतला नियम उकळत्या पाण्याच्या तापमानाला अर्धा तास शिजवण्याचा आहे, तोच पाळा. २०२० साली ईशान्य भारतात आलेला आफ्रिकन स्वाइन फीवरही कच्च्या खरकट्यातून पसरतो, आणि त्यात डुकरं सहसा बरी होत नाहीत.

डॉल्फिनांचा लोबोमायकोसिस पुढच्या आठवड्यात, नक्की.